आत्याच्या नावावरच्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आत्याला थोडं ठाऊक आहे, पण तिला वाटतं की ते प्रकरण एका रविवारी तिच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झालं आणि तिथेच संपलं. माझ्या डॉक्टरांना माहीत नाही, बरोबर काम करणाऱ्यांना नाही, निपाणीला भावाला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू — तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून. ओळखीच्या माणसांसमोर मी फार चांगली असते. तिथेच तर सगळं बिघडलं.

माझं नाव वैजयंती. केंद्रातली मुलं वैजू अक्का म्हणतात. वय चाळिशीला टेकलंय. जन्म निपाणीचा, घरात मराठी, दारात कानडी. नोकरीसाठी बंगळूरला आले, चार दिवस म्हणून राजाजीनगरात आत्याकडे उतरले आणि तिथेच राहिले. पंचविशीत माझं डोकं फिरलं. हा शब्द मी मुद्दाम लिहिते, कारण तेव्हा घरात तोच वापरत. डॉक्टरांकडे त्याला भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत सांगायचं तर काही आठवडे मन उधळतं, झोपेची गरज वाटत नाही, साऱ्या जगाचं भलं करायचं कंत्राट आपल्याकडेच आलंय असं वाटतं. आणि मग ते मन असं खाली बसतं की दात घासायलाही उठवत नाही. उधळलेल्या दिवसांत मी नोकरी घालवली, मैत्रिणी घालवल्या. बसलेल्या दिवसांत आत्याने मला भात कालवून भरवला. मग गोळ्या लागू पडल्या आणि मी सावरले.

त्या गोळ्या मी हे प्रकरण घडलं तेव्हाही घेत होते. आजही घेते. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. हे वाक्य एवढं साधं आहे, बघा. मला ते कुणासमोर बोलता आलं नाही, त्याचीच ही सगळी कहाणी आहे.

माझ्या कामाला पीअर सपोर्ट म्हणतात. चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही. आत्या 'सोबतीचं काम' म्हणते आणि तेच बरं आहे. मन आजारी पडलेल्या कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींशेजारी बसायचं. समोर नाही, शेजारी. त्यांच्यावर जे गुदरतंय ते कधीतरी आपल्यावर गुदरलंय, एवढाच आपला अधिकार. आमच्याकडे डॉक्टरांची पाटी नसते, पदवी नसते. असतो तो आपला अनुभव. त्यामुळे पहिल्या दिवशी शिकवलेला नियम असा, की सल्ला द्यायचा नाही. गोळ्यांबद्दल तर अजिबात नाही, ते डॉक्टरांचं काम. आपण फक्त स्वतःचं सांगायचं. मुलं त्यातून त्यांना हवं ते उचलतात.

चांगला नियम आहे. मी तो कधी मोडला नाही. यावर हसायचं असेल तर हसा — पुढे कळेल का ते.

आमचं केंद्र एका कॉफीपुडीच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना भाजलेल्या कॉफीचा वास अंगाला चिकटतो. महिन्यातून एका शनिवारी तिथे पालकांना बोलावतात. उप्पीट असतं, कॉफी असते आणि आमच्यापैकी कुणीतरी आपली गोष्ट सांगतं. पालकांना बरं झालेलं माणूस डोळ्यांनी बघायचं असतं. माझी गोष्ट लोकांना आवडायची. मी हसवते, मधेच गंभीर होते, कानडीतून हिंदीत आणि हिंदीतून इंग्रजीत उड्या मारते. आमच्या मुख्य शैलजा मॅडम म्हणायच्या की वैजू बोलली की आयांचे खांदे खाली येतात. मला त्याचा गर्व होता. बरं झालेल्या माणसाचं काम करण्यात मी पटाईत झाले होते.

अशाच एका शनिवारी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. जे. पी. नगरहून आलेले, सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर, मूळचे नाशिकचे. माझ्या बोलण्यावरून त्यांनी मला मराठी म्हणून ओळखलं होतं. शेजारी त्यांची बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. त्यांनी अगदी अदबीने मराठीत विचारलं, की मॅडम, आता तुमच्या गोळ्या बंद आहेत ना?

मी म्हणाले, हो, केव्हाच.

खोटं बोलायचं ठरवलं असतं तर कदाचित जीभ अडखळली असती. ठरवलं नव्हतंच. त्या बाईचं बोट पदरातून सुटलं, तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आणलं होतं. मला ते फार आवडलं. — एवढंच. बाकी कारण काही नाही.

इथे मी एक कारण लिहिलं होतं. एका स्थळाचं, गोळ्यांचं ऐकून चहा अर्धा टाकून उठलेल्या माणसांचं. ते खोडून टाकलं. ते खरं घडलेलं आहे, पण केतकीचा त्याच्याशी काय संबंध?

केतकी म्हणजे त्या गृहस्थांची मुलगी. त्या शनिवारी ती पाण्याच्या फिल्टरपाशी भिंतीला टेकून उभी होती. वीस-एकवीस वर्षांची, अंगात बापाचा असावा असा सैल शर्ट. आम्ही दोघंतिघं मोठी माणसं आपापल्या सोयीचं बोलत असताना ती सगळं ऐकत होती.

त्यानंतर ते खोटं माझ्या गोष्टीत कायमचं राहायला आलं. पुढच्या शनिवारी कुणी विचारायच्या आधीच मी ते सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी त्यात भर घातली — शेवटची गोळी घेतली त्या दिवशी आत्याने शिरा केला, वगैरे. शिरा! आत्याला शिरा आवडत नाही, तिने जन्मात कधी हौसेने शिरा केलेला नाही. पण त्या जागी लोक टाळ्या वाजवायचे. शैलजा मॅडमनाही ते खरंच वाटलं. नोकरीला घेताना त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं नव्हतं, आणि आमच्या कामात ते विचारतही नाहीत.

केतकी माझ्याकडे आली ती मराठीमुळे. घराबाहेर ती इंग्रजीत बोलायची आणि इंग्रजीत ती ठीकच असायची. रडू आलं की मराठीत यायची. डिझाइनच्या दुसऱ्या वर्षात तिचं मन असंच उधळलं होतं, मग बसलं होतं, आणि कॉलेज सुटलं होतं. आजार माझाच. गोळ्याही — पुढे कळलं — माझ्याच.

खोलीत बसून ती बोलेना, म्हणून मी तिला खाली घेऊन जायला लागले. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, एक कॉफी दोघींत बाय-टू करून प्यायची, मग गल्लीतून एक चक्कर. उभ्या माणसाला बोलणं सोपं जातं. पहिले काही दिवस तिने कॉफीशिवाय कशाबद्दलच मत दिलं नाही. मग एकदा टेबलावरचा कागदी रुमाल ओढून तिने गल्ल्यावरच्या अण्णांचं चित्र काढलं. चष्मा कपाळावर, नजर सुट्ट्या पैशांवर, अण्णा जसेच्या तसे. मी कौतुक केलं तर तिने रुमाल चुरगाळला. म्हणाली, रेघ बघ ना, किती थरथरीत आलीय. हात कापतो गोळ्यांनी. आधी एका दमात काढायचे मी.

तिचं खरं दुःख हे होतं. कॉलेज सुटल्याचं नाही, लोक काय म्हणतील याचंही नाही. रेघ सरळ येत नव्हती. हातातली ती एक गोष्ट परत मिळावी एवढंच तिला हवं होतं, आणि ते मला त्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मी कुठेच जागा ठेवलेली नाही.

माझाही हात कापतो. थोडासाच. पेला मी दोन्ही हातांनी धरते, लोकांना वाटतं ऊब घेतेय. पूर्वी याहून जास्त कापायचा. भाजी चिरता यायची नाही. तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी रक्त तपासलं, गोळीचं प्रमाण थोडं कमी केलं, आणखी एक साधी गोळी जोडली, आणि कापणं निम्म्यावर आलं. एवढं तर सांगायचं होतं मी तिला! माझाही कापायचा, डॉक्टरांशी बोलले, कमी झाला. हा सल्ला नव्हे, हा अनुभव. नियमात बसणारा, खरा, आणि नेमका तिला लागणारा. माझ्याजवळ द्यायला तेच होतं. पण ते सांगायचं तर मी अजून गोळ्या घेते हेही सांगावं लागलं असतं. मग शनिवारच्या टाळ्यांचं काय?

त्या रविवारावर मी मघापासून येतेय आणि येत नाहीये. आता येते.

मुलांना घरी बोलवायचं नसतं. पण केतकीला घरच्यासारखं खायला घालायचं असा आत्याने हट्टच धरला होता. आत्या बंगळूरला चाळीस वर्षं आहे. पुरणपोळीला होळगी म्हणते, आणि दारात आलेल्या पोरीला न जेवता जाऊ देणं तिला जमत नाही. केतकी मेट्रोने आली, आत्याच्या पाया पडली, टेबलाशी बसली. माझ्या गोळ्यांची पट्टी मिठाच्या बरणीला टेकून उभी होती. मी विसरू नये म्हणून आत्याच ती तिथे ठेवते, आणि इतकी वर्षं तिथे असल्यामुळे ती मला दिसेनाशी झाली होती.

केतकीला दिसली. तिने ती उचलली, उलटी करून नाव वाचलं. "अगं, ह्या तर माझ्याच. कुणाच्या आहेत?"

"आत्याच्या," मी म्हणाले.

आत्या तेव्हा तुपाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढे येऊन मुकाट्याने केतकीच्या होळगीवर तूप वाढलं. तिला त्या क्षणी 'माझ्या नव्हेत' म्हणता आलं असतं. भाचीची लाज राखली तिने. आणि केतकीने पट्टी जपून जागेवर ठेवली, जणू म्हाताऱ्या माणसाचं खासगी काही चुकून बघितलं. आत्याकडे बघून ती फार मवाळ हसली.

आत्या आत गेल्यावर ती माझ्याकडे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तू बंद केल्यावर हात कापायचा थांबला?"

माझे दोन्ही हात टेबलाखाली होते. मांडीवर, एकमेकांत अडकवलेले. तिने प्रश्न विचारायच्या आधीपासून ते तिथे होते की प्रश्न ऐकून मी ते खाली घेतले — मी कितीदा आठवून बघितलंय, आणि आता मला वाटतं, खाली घेतले.

मी म्हणाले, "थांबला."

ती गेल्यावर आत्या भांडी आवरता आवरता म्हणाली, "माझ्या नावावर कशाला घातलीस गं? खरं सांगायचं की त्या पोरीला. स्वल्प धीर करायचा होतास." मी म्हणाले, उद्या सांगते. आत्या 'सरी', म्हणजे ठीक, म्हणाली आणि तिच्यापुरता विषय संपला, कारण मी सांगते म्हटलं की सांगते असा तिचा समज होता.

उद्या मी सांगितलं नाही. परवाही नाही. मग पुढे ढकलत गेले, आणि पुढे ढकलायची एकदा सवय लागली की तिचा त्रासही होत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट एका भित्र्या खोट्याची झाली असती. तशी ती बऱ्याच जणांच्या नावावर असते. पण खरं लिहायचं होतं ते हे, पुढचं.

काही आठवड्यांनी आम्ही दर्शिनीत उभ्या होतो. केतकीला एचएसआर लेआउटमध्ये एका नव्या कंपनीत उमेदवारी मिळाली होती, लहान मुलांच्या अभ्यासाच्या अॅपसाठी प्राणी काढायचे. ती खुशीत होती. भराभर बोलत होती, पण आनंदात कोण हळू बोलतं? मग तिने कागदी रुमाल पुढे ओढला, माझ्याकडे बघितलं आणि पेन टेकवून एका दमात बैल काढला. शिंगापासून शेपटीपर्यंत एकच रेघ. कुठेही थरथर नाही.

तिने पेन खाली ठेवून हात माझ्यासमोर धरला. पसरलेली पाच बोटं, स्थिर.

मला कळलं. ज्या गोळ्या मी पंधरा वर्षं घेतेय त्यांच्याबद्दल मला कळणार नाही तर कुणाला? ती बोटं डॉक्टरांनी स्थिर केलेली नव्हती, तसं असतं तर तिने आधी तेच सांगितलं असतं. तिने गोळ्या सोडल्या होत्या. मला ठाऊक होतं. आणि यापुढे काय होतं तेही ठाऊक होतं, माझ्यावर दोनदा होऊन गेलेलं आहे. 'केतकी, गोळ्या घेतेस ना?' एवढं विचारायचं होतं. ती म्हणाली असती, तुझ्यासारख्याच सोडल्या. मग मला बोलावं लागलं असतं.

मी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "छान."

ती वाट बघत होती का, मी आणखी काही विचारीन म्हणून? तिने हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला होता. मग खिशात घातला. आम्ही गल्लीची चक्कर मारली. मी तिला तिच्या कंपनीतल्या लोकांबद्दल विचारलं, जेवणाची काय सोय आहे ते विचारलं. ती निरोप घेऊन मेट्रोकडे गेली, मी जिना चढून वर आले आणि माझं काम करत बसले. त्या दिवशी मला झोपही लागली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते माझं नाही, तिचं आहे. आधी ती कंपनीत सगळ्यांची लाडकी झाली. मग तिने झोपणं सोडलं. मालकाला एकामागून एक निरोप पाठवू लागली, कंपनी कशी चालवावी याबद्दल. एक दिवस ऑफिसच्या काचेच्या भिंतींवर तिने मार्करने चित्रं काढायला घेतली आणि कुणाला पुसू देईना, घरीही जाईना. तिच्या बाबांना बोलावलं. परतताना सिग्नलला गाडी थांबली तशी ती दार उघडून उतरली आणि वाहनांच्या मधून चालत निघाली. एका ऑटोवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून ती आहे. हॉस्पिटलात बरेच आठवडे गेले. बाहेर आली तेव्हा गोळ्या वाढल्या होत्या आणि हात पूर्वीपेक्षा जास्त कापत होता.

मग केंद्रात बैठक झाली. शैलजा मॅडम, केतकीचे आईबाबा, केतकी आणि मी. बाबा सांगत होते की पोरगी रोज गोळी बेसिनमध्ये टाकत होती आणि आम्हाला घेतली म्हणत होती. आई म्हणाली, आमच्याशी इतकं खोटं बोलली ही. केतकी मान खाली घालून बसली होती. मग आईने चाचरत विचारलं, की इथे तिला कुणी काही सांगितलं तर नाही ना? शैलजा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. कामाचा भाग म्हणून विचारलं त्यांनी, संशयाने नाही. गोळ्यांबद्दल कधी काही बोलणं झालं होतं का?

मी म्हणाले, मी गोळ्यांबद्दल तिला कधीही सल्ला दिलेला नाही.

शब्दन् शब्द खरा. वकिलाने लिहून दिल्यासारखा. केतकीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती बोलणार. शनिवारचं सांगणार, रविवारचं सांगणार. आणि ती म्हणाली, "अक्का काही नाही बोलली. मीच केलं." तिने मला वाचवलं असं नका समजू. तिला वाचवायचं काही दिसतच नव्हतं. तिच्या लेखी मी खरीच होते, खोटारडी ती एकटी.

तिच्या आईने माझ्यापुढे हात जोडले. म्हणाली, तुमच्यावर शंका घेतली, माफ करा. मी तिचे हात धरून खाली केले. सगळ्यांदेखत मी तिला माफ केलं.

जाताना जिन्यात केतकी माझ्या मागे थांबली. आईबाबा खाली पोचले होते. खालून कॉफी दळल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "तुला जमलं ना अक्का. मग मला का नाही जमलं?"

पर्स माझ्या खांद्यावर होती. गोळ्यांची पट्टी पर्समध्ये होती. हात घालून ती बाहेर काढायची, एवढंच. बोलावंही लागलं नसतं. जिन्यात आम्ही दोघीच होतो, शैलजा मॅडम नव्हत्या, टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं. सबब म्हणून पुढे करावं असं माणूस तिथे एकही नव्हतं.

मी म्हणाले, "प्रत्येकाचं वेगळं असतं गं."

तिने मान हलवली. तिला ते पटलं. आपणच कुठेतरी कमी पडलो हे तिला पटवायला मला फार कष्ट पडले नाहीत.

थोड्याच दिवसांत आई तिला घेऊन नाशिकला आजोळी गेली. बाबा इथेच आहेत, एकटे. केंद्राच्या शनिवारी ते आता येत नाहीत. मी अजून तिथेच काम करते. इतकंच नाही, नव्याने येणाऱ्या सोबत्यांना शिकवायचं काम शैलजा मॅडमनी माझ्याकडे दिलंय. पहिल्या दिवशी मी त्यांना आपली गोष्ट कशी सांगावी ते शिकवते. शिऱ्याचा भाग मी गाळून टाकला आहे. गोळ्यांचा भाग, कुणी विचारलं तर, अजून तोच आहे.

केतकीशी संपर्क आहे. सणावाराला निरोप येतात. ती एका बालवाडीत मदतनीस आहे. मुलांना गाणी शिकवते, मण्यांच्या माळा करायला बसवते. चित्रं तिथल्या दुसऱ्या बाई काढतात. हे तिने मला सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिच्याआधी तुम्हाला सांगितलं, हेही माझ्या स्वभावाला धरूनच झालं.

गेल्या आठवड्यात तिने आवाजी निरोप पाठवला. मागे मुलांचा गलका होता. म्हणाली, "अक्का, सॉरी हं, मी अजून गोळ्यांवरच आहे. पण एक दिवस तुझ्यासारखी होईन बघ."

मी तो दोनदा ऐकला. मग लिहिलं, 'सॉरी कशाला? होईल हळूहळू. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र काही करू नकोस.' शेवटचं वाक्य नियमातलं होतं. तिचं उत्तर लगेच आलं — तुझ्याकडे बघून धीर येतो. त्यावर मी हसरा चेहरा पाठवला, फोन बाजूला ठेवला आणि जेवायला बसले. जेवण झाल्यावर आत्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि मी माझी गोळी घेतली.